मास्तरांच्या मुलीस

बँकेच्या काचेच्या दारात मास्तर अडकले आणि त्यांच्या मागे सात माणसं पावसात भिजत उभी राहिली.

अडकले म्हणजे सदरा-बिदरा कुठे अडकला नव्हता. दाराखाली एक चकचकीत पट्टी होती. तिथपर्यंत ते नीट आले, आणि पट्टी दिसल्याबरोबर पाय थांबले, जमिनीला कुणी टाके घालून टाकल्यासारखे. वरचं अंग पुढे निघालेलं, पाय जागच्या जागी थरथरताहेत, हात दाराच्या मुठीवर. पार्किन्सन्सला तीन वर्षं झाली होती. हाताचं कापणं एव्हाना अंगवळणी पडलं होतं. पण हे थिजणं नवं होतं, आणि ते नेमकं दारातच, लोकांच्या वाटेतच व्हायचं.

त्यांची मुलगी आधीच आत पोचली होती, दोन हातांवर, छत्री मिटत. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. मास्तरांनी चाळीस वर्षं चालवलेलं शिलाईचं दुकान आता ती चालवायची, आणि त्या दिवशी चार वाजता एका वकीलबाईंचा कोट द्यायचा होता, ज्याला अजून बटणंही लागली नव्हती. तिने घड्याळाकडे बघितलं. बाहेर भिजणाऱ्या माणसांकडे बघितलं. बाबांकडे मात्र बघितलं नाही.

“यांच्यासोबत कोण आहे?” बाहेरून एका बाईंनी खणखणीत आवाजात विचारलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. तिच्या अगदी बाजूला एक तरुण उभा होता – ओले केस, खांद्याला पिशवी. त्याने हळूच विचारलं, “तुमचे का?”

“नाही... म्हणजे... शेजारी आहेत आमचे.”

आता तुम्ही म्हणाल, सख्ख्या बापाबद्दल असं तोंडातून निघतं तरी कसं? निघतं. सात माणसं भिजत असली, कोटाची बटणं राहिलेली असली, आणि समोरचा माणूस बरा दिसत असला की निघतं. तिचं तिलाच ते ऐकू आलं, आणि कानशिलं इतकी तापली की पावसात पुन्हा जाऊन उभं राहावंसं वाटलं.

त्या तरुणाने खिशातून किल्ली काढली आणि दाराच्या काचेवर वाजवायला लागला. टक... टक... टक... एकसारखं, न घाई करता. “काका, पट्टीकडे बघू नका,” तो म्हणाला. “नुसता हा आवाज ऐका. टक झालं की पाऊल.” दोन ठोके मास्तरांनी नुसते ऐकले. तिसऱ्याला उजवा पाय उचलला गेला, चौथ्याला डावा, आणि मास्तर पट्टी ओलांडून असे आत आले, जणू काही झालंच नव्हतं. मागची सात माणसं कुरकुरत आत शिरली.

मग कळलं की हा तरुण फिजिओथेरपिस्ट होता. पुढच्याच चौकात एक केंद्र होतं, तिथे तो अशाच माणसांना ठोक्यावर चालायला शिकवायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता. त्याने तिच्या हातात पत्त्याचं कार्ड ठेवलं आणि म्हणाला की शेजाऱ्याला बँकेत घेऊन येणारी माणसं हल्ली राहिली नाहीत. हे म्हणताना तो हसला, आणि त्याच्या डाव्या गालावर एक छोटी चुणी पडली, अगदी मापात घातल्यासारखी.

खरं सांगायची वेळ होती ती हीच. चार शब्दांचं काम. पण ती त्या चुणीकडे बघत राहिली आणि “हो ना” म्हणाली.

मंगळवारी ती बाबांना घेऊन केंद्रावर गेली तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं होतं, की पहिल्याच मिनिटाला सांगून टाकायचं. दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल, जमिनीवर हातभर अंतराने चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्या, भिंतीला लागून खुर्च्या, खुर्च्यांवर आठ-दहा म्हातारी माणसं आणि त्यांच्या घरची. कुणाची बायको, कुणाचा मुलगा, कुणाची सून. टेबलावर पेटीच्या आकाराचं एक यंत्र टिकटिकत होतं. तो तरुण अर्ज पुढ्यात घेऊन बसला आणि तिने तोंड उघडायच्या आत त्याने स्वतःच लिहून टाकलं : सोबत येणाऱ्याचं नातं – शेजारीण. मग त्याने मान वर करून विचारलं, “काका, घरी कोण असतं?”

आता बाबा सांगणार, ही काय माझी मुलगी. आणि तो तिच्याकडे वळून बघणार.

मास्तर क्षणभर गप्प बसले. त्यांचा आजार बोलणंही हळू करतो; शब्द यायला वेळ लागतो. पण ते गप्प राहणं आजारातलं नव्हतं, हे तिला कळलं.

“एक मुलगी आहे,” ते म्हणाले. “कामात असते फार. तिला जमत नाही. ही शेजारची... गुणाची आहे हो.”

म्हणजे बँकेच्या दारात त्यांनी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं, आणि चार दिवस एका शब्दाने बोलले नव्हते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबलावरची पेटी टिकटिकत होती आणि प्रत्येक टिक तिच्या कानाखाली वाजत होती.

घरी जाताना रिक्षात तिने विचारलं, “बाबा, तुम्ही असं का सांगितलंत?”

“तू काय सांगितलं होतंस ते मोडायचं कशाला,” मास्तर बाहेर बघत म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा बोलले. “त्या दिवशी दारात मलाही वाटत होतं... की हा जो अडकलाय तो मी नव्हे. दुसराच कोणीतरी म्हातारा आहे. मग तुला वाटलं तर काय झालं?”

तिला रडू येत होतं आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

असं ते खोटं रुजलं. आणि एकदा रुजलं की त्याला रोज पाणी घालावं लागतं. हॉलमध्ये ती बाबांना “काका” म्हणायची. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मास्तरांचा डोळा किंचित लवला, पण त्यांनी “काय गं पोरी” म्हणून साथ दिली. शिलाईचं दुकान आहे हे तिने सांगितलं, आणि काम काकांकडेच शिकले हेही सांगितलं. तेवढं तरी खरं होतं.

“मग त्यांची मुलगी नाही का शिकली?” त्याने विचारलं.

“शिकली की. हात चांगला आहे तिचा. पण... घाईची आहे.”

“दिसतंच आहे ते,” तो म्हणाला. मुलीबद्दल बोलताना त्याच्या गालावरची चुणी पार नाहीशी व्हायची.

काम त्याचं नामी होतं. आधी तो मास्तरांना नुसतं चालायला लावायचा, आणि हातातल्या घड्याळावर मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजायचा. ब्याऐंशी पडत होती. मग पेटीचा काटा ब्याऐंशीवर, आणि प्रत्येक टिकेला एक पाऊल. पंधरा दिवसांनी शहाऐंशी, तेही जमलं तर. माणसाचा स्वतःचा वेग आधी ओळखायचा आणि मग त्याला हलकेच पुढे न्यायचं, असं तो सांगायचा. आतून पावलाचा जो हुकूम यायचा तो आता वेळेवर येत नाही, म्हणून बाहेरून आवाज द्यायचा. सांगताना तो स्वतःच हॉलभर चालून दाखवायचा, हात हलवत, मान डोलवत, आणि खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या त्याच्याकडे कौतुकाने बघायच्या. आमची ही शेजारीणही बघायची. लपवून बघायची, पण मास्तर चाळीस वर्षं लोकांची मापं नजरेने घेत आले होते. त्यांच्यापासून काय लपणार?

त्यांनी त्याचं नाव टिकटिकवाला ठेवलं. शिवाय पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं होतं की टिकटिकवाल्याच्या पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच लांब आहे. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी हे त्याला तोंडावर सांगितलं. तो गडबडून खाली बघायला लागला.

“आणा दुकानात,” ती म्हणाली. “दुमडून देते.”

“आणि तोवर? असाच लंगडा फिरू?”

“पेटी लावून चाला... ब्याऐंशीवर. कुणाला कळणार नाही.”

तो मोठ्याने हसला. त्याने तिला “शेजारीणबाई” म्हणायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून. शुक्रवारी तो खरंच दुकानात आला, कागदात गुंडाळलेली पँट घेऊन, आणि वाट बघण्याच्या बाकावर अर्धा तास बसून राहिला, दहा मिनिटांचं काम होतं तरी. नशीब, मास्तर दुपारचे मागच्या खोलीत झोपले होते. दुकान आणि घर एकच आहे हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. पडद्यापलीकडून बाबांच्या खोकल्याचा आवाज येईल म्हणून तिचा जीव मुठीत, आणि तो समोर बसून विचारतोय की इतक्या सुया तोंडात धरून तुम्हाला बोलता कसं येतं?

“सवय,” ती सुयांमधूनच म्हणाली.

“काही टोचत नाही?”

“टोचतं ना.” तिने सुया काढून उशीत खोचल्या. “फार टोचतं.”

तो ती गंमत समजून हसला. त्याच्या नजरेत आता नुसतं कौतुक नव्हतं, आणखी काही होतं, आणि ते बघून तिला आधी आनंद झाला, मग त्या आनंदाचीच लाज वाटली. त्याला जी आवडायला लागली होती ती शेजाऱ्यासाठी धावणारी एक मुलगी होती. अशी कुणी मुलगी नव्हतीच.

आता चिठ्ठ्यांबद्दल सांगायला हवं. रोज घरी वीस मिनिटं सराव झालाच पाहिजे, असा टिकटिकवाल्याचा नियम होता. शेजारणीवर किती भार टाकायचा, म्हणून तो सूचना लिहून द्यायचा. चिठ्ठीची घडी करायचा, वर लिहायचा “मास्तरांच्या मुलीस”, आणि म्हणायचा, “एवढं तिला द्या.” घरी येऊन ती स्वतःला आलेली चिठ्ठी उघडायची. पहिली साधी होती : सरावासाठी घरी दिलेली पेटी कुठे ठेवावी, गालिचा काढावा, चालताना त्यांच्याशी बोलू नये.

दुसरी तशी नव्हती. झालं होतं असं, की एका सकाळी गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि वीस मिनिटं संपता संपत नव्हती. ब्याऐंशीचं ते रेंगाळतं टिक... टिक... ऐकून तिचाच पाय बसल्या जागी हलायला लागला. तिने काटा सरकवला. किती? एकशे दहावर. तिची स्वतःची चाल तेवढी होती. मास्तरांनी मुकाट्याने पायांना ओढलं, चार पावलं धावल्यासारखी टाकली, आणि कपाटापाशी गुडघ्यावर आपटले.

शुक्रवारी त्याने गुडघ्याची पट्टी बघितली आणि विचारलं. ती मेलेल्या आवाजात म्हणाली, “त्यांच्या मुलीने... काटा वाढवला.”

त्याने तिथल्या तिथे लिहिलं, घडी घातली, दिली. घरी तिने ती मशीनपाशी उभ्यानेच वाचली. “तुमच्या घाईचा वेग वडिलांच्या पायांत घालू नका. तुम्हाला वेळ नसेल तर त्यांना शेजाऱ्यांवर सोडा. त्यांच्याकडे माया तरी आहे.” तिने ती तीन वेळा वाचली. प्रत्येक शब्द खरा होता, फक्त माया असलेली शेजारीण तेवढी खोटी होती. त्या संध्याकाळी तिने दुकान लवकर बंद केलं, बाबांच्या गुडघ्याला मलम लावलं, आणि मान खाली घालून माफी मागितली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात कापत होता, त्यामुळे ते थोपटल्यासारखं लागलं.

त्यानंतर मात्र ती बदलली. सकाळची वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. दुकानाच्या दारावर पाटी लावायची आणि आत बाबांबरोबर त्यांच्या चालीने चालायची. आणि एके दिवशी पेटीचे सेल संपले. बाबा स्वयंपाकघराच्या दारात थिजलेले, पुढे ना मागे. तिने टाळ्या वाजवून बघितल्या, त्या तिच्याही हातून एकसारख्या पडेनात. तेव्हा तिची नजर कोपऱ्यातल्या जुन्या पायमशीनवर गेली. मोटरची मशीनं आल्यापासून ते कापडाच्या गठ्ठ्यांखाली पडून होतं. तिने गठ्ठे ढकलले, स्टुलावर बसली आणि नुसताच पाय मारायला लागली. खटक-खटक... खटक-खटक...

मास्तरांची मान वर झाली. चाळीस वर्षं त्यांच्या पायांनी जो आवाज काढला होता, तो आता त्यांच्या पायांना हाक मारत होता. ते दारातून निघाले ते सरळ मशीनपर्यंत आले. मग वळले, आणि पुन्हा गेले. न अडकता पाच फेऱ्या. सहाव्या फेरीला ते स्वतःच हसायला लागले, आणि ती पाय मारता मारता रडत होती.

हे केंद्रावर सांगायचं कुणी? अर्थात शेजारणीने. “त्यांच्या मुलीने शोधलं,” ती म्हणाली.

टिकटिकवाला खुर्चीवरून उठलाच. पुन्हा पुन्हा विचारलं – किती फेऱ्या, कुठलं दार, कुठला वेग. मग म्हणाला, “ही मुलगी साधी नाही हो. मी काय काय लिहिलं तिला...” त्याचा चेहरा उतरला होता. त्याने घाईघाईने तिसरी चिठ्ठी लिहिली. शनिवारी सगळ्या घरच्यांचा मेळावा होता, त्यात तिने यावं, हे सगळ्यांना दाखवावं. आणि खाली एक ओळ : “मला तुमची माफी मागायची आहे, समोरासमोर.”

“आणालच ना तिला?” तो म्हणाला. “तुम्ही सांगितलंत तर येईल.” मग जरा थांबून, खाली बघत, पुन्हा म्हणाला, “मेळावा झाल्यावर... तुम्हालाही थोडं थांबता येईल? मला बोलायचं होतं. तुमच्याशीच... शेजारीणबाईंशी.”

जन्मात जे ऐकावंसं वाटलं होतं ते तिला ऐकायला मिळालं, आणि तिला तिथून पळून जावंसं वाटलं. शनिवारी दोघींनी यायचं होतं आणि ती एकटी होती. मुलगी म्हणून गेली तर शेजारीण जाणार, आणि तिच्याबरोबर तो जाणार. शेजारीण म्हणूनच राहिली तर बाबांना आणखी एकदा परकं करायचं, तेही भरल्या सभेत. तीन दिवस तिने काय कापलं आणि काय शिवलं तिला ठाऊक नाही. एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या.

शुक्रवारी रात्री जेवताना मास्तर म्हणाले, “मुलीला बरं नाही म्हणून सांगू. सांभाळून घेईन मी.”

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, की तिने हातातला घास परत ताटात ठेवला. बाप आपल्यासाठी खोटं बोलायला इतका सरावला, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

शनिवारी हॉल भरलेला. पायमशीन काही नेता येत नाही, म्हणून तिने दुकानातला लाकडी गज बरोबर घेतला होता, कापड मोजायचा, जाडजूड. तो मुलगी म्हणून वाजवणार की शेजारीण म्हणून, हे तिचं तिलाही नीट माहीत नव्हतं. जिना चढायला वेळ लागला. ते दारापाशी पोचले तेव्हा कार्यक्रम सुरू व्हायच्या बेतात होता, आणि मागून आणखी माणसं येत होती. ती सवयीने दोन पावलं आधी आत शिरली. नवीन सतरंजी अंथरली होती, लाल काठाची. मास्तर त्या काठापाशी आले, आणि थांबले.

पाय थरथरायला लागले. मागे माणसं साचली. टिकटिकवाल्याने लांबूनच बघितलं आणि पेटी हातात घेऊन निघाला, पण मध्ये खुर्च्यांच्या रांगा. हॉलमधल्या गलबल्यात पेटीची टिकटिक कुणालाच ऐकू येईना.

“यांच्यासोबत कोण आहे?” मागून कुणीतरी विचारलं.

तोच प्रश्न, आणि तेच दोन हातांचं अंतर. मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, आणि हलकेच, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी हलकेच, मान हलवली. नको म्हणून. राहू दे म्हणून.

“मी,” ती म्हणाली. आवाज फाटला. तिने पुन्हा म्हटलं. “मी आहे. मुलगी आहे मी यांची.”

हॉल गप्प झाला. टिकटिकवाला खुर्च्यांच्या मध्ये जिथल्या तिथे उभा राहिला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं जमलं नसतं. तिने गज जमिनीवर टेकवला आणि ठोका दिला. खट-खट... खट-खट... मशीनचा होता तसाच, बाबांच्या चालीचा, तिच्या घाईचा नव्हे. “बाबा,” ती म्हणाली, “चला.”

तिसऱ्या ठोक्याला उजवा पाय सतरंजीवर आला.

मास्तर चालत तिच्यापर्यंत आले, आणि तिला ओलांडून पुढे खुर्चीपर्यंत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. टिकटिकवाल्याने पेटीचं बटण बंद केलं. नंतर तासभर तो सगळ्यांशी बोलला, हसला, चालून दाखवलं. तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. ती शेवटच्या खुर्चीवर गज मांडीवर घेऊन बसून होती, आणि तिचं तोंड असं जळत होतं, जणू कुणी तिला उन्हात आणून बसवलंय.

माणसं पांगल्यावर तो आला. समोर उभा राहिला.

“मग त्या चिठ्ठ्या?”

“वाचल्या. सगळ्या.” तिने पिशवीतून बटणांचा डबा काढला. तळाशी तिन्ही चिठ्ठ्या होत्या, घड्या जशाच्या तशा. “तुम्ही माफी मागू नका. जे लिहिलंत ते त्या मुलीला लागू होतं. बँकेत मला... बाबांची लाज वाटली. आता माझी वाटते. तुम्ही ज्या शेजारणीला थांबायला सांगितलं होतं ती नाहीच आहे. कधीच नव्हती.”

त्याने वरची चिठ्ठी उचलली आणि परत डब्यात ठेवली. “मला राग आलाय,” तो म्हणाला. “दोन महिने मी तुमच्यापुढे तुम्हालाच नावं ठेवत होतो. आणि तुम्ही ऐकून घेत होतात.”

“हो.”

“एकदा तरी थांबवायचं.”

“थांबवलं असतं तर तुम्ही गेला असतात,” ती म्हणाली. आणि मग हे आपण काय बोलून बसलो, म्हणून डबा घट्ट मिटून बाबांना घेऊन निघाली.

मंगळवारी तिला जायचं नव्हतं. बाबांना रिक्षात बसवून देते म्हणाली, तर मास्तर ऐकेनात. “शेजारीण नाही येत तर नाही,” ते म्हणाले. “माझ्या मुलीला तर जमेल ना?” मग ती गेली.

टिकटिकवाला नेहमीसारखा टेबलाशी होता. त्याने जुना अर्ज तिच्यापुढे सरकवला, आणि पेन. तिने ‘शेजारीण’वर रेघ मारली आणि वर ‘मुलगी’ लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. ती जाऊन हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी उभी राहिली. तो मास्तरांजवळ बसला. आज राग दिसत नव्हता. झोप न झाल्यासारखा मात्र दिसत होता. त्याने एक कागद काढला, लिहिलं, खोडलं, दुसरा घेतला, पुन्हा लिहिलं. घडी घातली.

“काका,” तो म्हणाला, तिला ऐकू जाईल अशा बेताने, “एवढं तुमच्या मुलीला द्या.”

“काय लिहिलंयस?” मास्तरांनी विचारलं.

“वाचा हवं तर.”

“दुसऱ्याची चिठ्ठी मी वाचत नाही.” ते खुर्चीचे हात धरून उठले. कापत्या बोटांत कागद फडफडत होता. त्याने पेटी लावायला हात पुढे केला, तर मास्तरांनी मान हलवली आणि तिच्याकडे बघितलं. तिच्याजवळ गज नव्हता. तिने खिडकीच्या लाकडी चौकटीवर बोटांनी ठोका धरला. खट-खट... खट-खट... पिवळ्या पट्ट्यांवरून मास्तर निघाले, एकेका ठोक्याला एकेक पट्टी, वीस पावलं, कुठे न अडकता, आणि तिच्या समोर येऊन थांबले.

“तुझीच आहे ना गं?” त्यांनी विचारलं. “नाहीतर शेजारी देऊन येतो.”

“माझीच आहे, बाबा.”

तिने घडी उघडली. “मास्तरांच्या मुलीस,” वर होतं. खाली लिहिलं होतं : “राग अजून पुरता गेलेला नाही. पण शनिवारपासून मी पेटीशिवाय चालून बघतोय आणि माझीच पावलं चुकताहेत. उद्या संध्याकाळी तळ्यावर फिरायला याल का? वेग तुमचा नको, माझाही नको, मधला कुठलातरी शोधू. आणि पँटचा पाय आता उजवा लांब झालाय.”

तिने वर बघितलं. तो हॉलच्या त्या टोकाला पेटी पुसण्याचं नाटक करत होता, कान मात्र सगळे इकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तोंडावरची लाज अजून तिथेच होती, फक्त आता ती जरा वेगळी लाज होती.

“काय सांगू त्याला?” मास्तरांनी विचारलं. “पुन्हा वीस पावलं जायचंय मला, लवकर बोल.”

“येईन म्हणावं,” ती म्हणाली. “तुमची मुलगी येईल.”

मास्तर वळले, आणि तिने पुन्हा चौकटीवर ठोका धरला.